एडिटिंगचं सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर बसवावं का?

“काका, मी गोव्यातल्या साखळी गावचा. लग्नं, बारशी आणि जत्रेतली नाटकं शूट करतो, एडिटही मीच करतो. लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी आहे, ती सी ड्राइव्ह. दुसरी १ टीबीची हार्ड डिस्क, ती डी. सी लाल झालीय, ९ जीबी उरलेत. प्रीमियर प्रो काढून डी वर बसवलं तर चालेल का? दाविंची रिझॉल्व्हसुद्धा शिकायचंय, तेही तिथेच टाकू का? काम मंद होईल का? तुळशीच्या लग्नानंतर चार लग्नं घेतलीयत, त्याआधी हे मार्गी लावायचंय.”

चालेल. दोन्ही सॉफ्टवेअर सी सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर बसतात आणि नीट चालतात. पण तुझ्या लॅपटॉपवर आज ते करू नको. तुझी डी म्हणजे फिरती हार्ड डिस्क आहे, आणि सॉफ्टवेअर एसएसडीवरून काढून हार्ड डिस्कवर नेणं म्हणजे नव्या चौपदरी रस्त्यावरून उतरून शेतातल्या बांधावर गाडी घालणं. शिवाय त्याने तुला मिळणार काय? प्रीमियर बसवायला साधारण ८ जीबी जागा लागते. ती वाचवलीस तरी महिन्याभरात सी पुन्हा लाल होणार, कारण ती भरतेय ती दुसऱ्याच गोष्टीने.

फोंड्यात माझा एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. १९ वर्षं हेच काम करतोय आणि आजूबाजूच्या मुलांचे संगणकही लावून देतो. सी ड्राइव्ह भरल्याची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक संगणकांवर मी सॉफ्टवेअर हलवलेलंच नाही. तरी सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे तुझ्यासारखी अडचण असलेल्या पण वेगळा संगणक असलेल्यांनाही उपयोग होईल.

आधी एक तपासून घे. तुझ्या डी चं मला तुझ्या लिहिण्यावरून कळलं, पण पुष्कळांना आपली डी म्हणजे नक्की काय हे ठाऊक नसतं. टास्कबारवर उजवी क्लिक करून टास्क मॅनेजर उघड, त्यात परफॉर्मन्स. डावीकडे “डिस्क ०”, “डिस्क १” अशी नावं दिसतील आणि त्यांच्याच बाजूला कंसात ड्राइव्हची अक्षरं. “डिस्क ०” च्या कंसात सी आणि डी ही दोन्ही अक्षरं असतील तर तुझ्याकडे दुसरी डिस्क नाहीच. एकाच डिस्कचे दुकानदाराने दोन वाटे केलेत. खाली एसएसडी की एचडीडी हेही लिहिलेलं असतं. डिचोलीच्या एका मुलाने सगळं फुटेज, सगळी कॅश (म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःसाठी साठवलेल्या कामचलाऊ फाइली), सॉफ्टवेअरसुद्धा डी वर हलवलं आणि वेग तसूभर वाढला नाही म्हणून तो माझ्याकडे आला. टास्क मॅनेजर उघडून दाखवला. सी आणि डी एकाच डिस्कवर. एकाच घरातल्या एका खोलीतलं सामान त्याने दुसऱ्या खोलीत नेलं होतं. वाट्यांवर काम करण्यात गैर काही नाही, सी मोकळी राहते एवढा फायदा होतो. वेगाची अपेक्षा मात्र ठेवायची नाही.

आता सी कशाने भरते ते. प्रीमियरमध्ये तू क्लिप आणलीस की ते त्या क्लिपचा आवाज वेगळा करून, आवाजाची लहर काढून, काही फाइलींचं सूचीकरण करून एका फोल्डरात ठेवतं. त्याला मीडिया कॅश म्हणतात. हे फोल्डर मुद्दाम बदललं नाहीस तर सी ड्राइव्हवर तुझ्या युजरच्या नावाखाली, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतं. लपवलेलं असल्यामुळे कुणाला दिसत नाही. पाच तासांचं नाटक दोन कॅमेऱ्यांवर घेतलंस की दहा तासांचा आवाज तिथे पुन्हा एकदा लिहिला जातो, तोही न दाबलेल्या स्वरूपात, म्हणून मोठा. काम संपलं, क्लिपा पुसल्या, तरी ती कॅश तशीच राहते. मग पुढच्या जत्रेची तिच्यावर. आफ्टर इफेक्ट्स वापरत असशील तर त्याची डिस्क कॅश निराळी, आणि तीही मुकाट सी वरच. रिझॉल्व्ह घेतलंस की त्याची रेंडर कॅश, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली दृश्यं, असते. ती सी वर राहिली आणि तू रंगाचं काम जोरात केलंस तर एका लग्नातच तुझे उरलेले ९ जीबी संपतील.

म्हणून पहिलं काम साफसफाई. प्रीमियर उघड, पण कुठलाही प्रोजेक्ट उघडू नको. एडिट मेनूत प्रेफरन्सेस, त्यात मीडिया कॅश. तिथे कॅश फाइली काढून टाकायचं बटण आहे. प्रोजेक्ट उघडा नसताना तिथे सगळ्या कॅश फाइली काढायचा पर्याय मिळतो, तो घे. तुझ्या मूळ क्लिपांना धक्का लागत नाही. जुना प्रोजेक्ट पुन्हा उघडलास की प्रीमियर ती कॅश नव्याने बनवतं, पहिल्या वेळी थोडा वेळ लागतो इतकंच.

इथे एक सावधगिरी, आणि ही मी अगदी मनापासून सांगतोय. हे काम सॉफ्टवेअरच्या आतूनच कर. फाइल एक्सप्लोरर उघडून, अडोबी (प्रीमियर बनवणारी कंपनी) नाव दिसेल ते फोल्डर पुसत सुटू नको. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने जागा करायच्या घाईत प्रोजेक्टच्या शेजारचं ऑटो-सेव्हचं, म्हणजे आपोआप साठवलेल्या प्रतींचं, फोल्डरही कॅश समजून उडवलं, रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी मूळ प्रोजेक्ट फाइल बिघडली, उघडेना. मागे जायला काहीच उरलं नव्हतं. आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जे काम तीन रात्री बसून केलं होतं ते पुन्हा पहिल्या कटापासून. ऑटो-सेव्ह हा पसारा नाही, तो तुझा विमा आहे. जमल्यास तो वेगळ्या डिस्कवर पाठव. फाइल मेनूतल्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये स्क्रॅच डिस्क्स आहे, तिथे ऑटो-सेव्हची जागा निराळी देता येते. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम शिल्लक राहतं.

त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज इथे जाऊन बघ कुठे काय अडकलंय. तात्पुरत्या फाइली, जुन्या विंडोजचं राहिलेलं फोल्डर, डाउनलोड्समध्ये पडलेल्या झिप फाइली. व्हॉट्सॲप डेस्कटॉप असेल तर तेही बरीच जागा खातं. आणखी एक म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण. हल्ली नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं आपसूक वनड्राइव्हला जोडलेली असतात, आणि प्रीमियरचे प्रोजेक्ट मूळ ठिकाणी डॉक्युमेंट्समध्येच जातात. तू काम करत असताना मागे वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवायला बघतं. प्रोजेक्ट तिथून काढ आणि डी वर प्रत्येक कामाचं स्वतंत्र फोल्डर करून ठेव.

एवढं केल्यावर सी वर पुरेशी जागा होईल असा माझा अंदाज आहे. मग प्रीमियर आहे तिथेच राहू दे आणि कॅश हलव. मीडिया कॅशच्या त्याच खिडकीत कॅश फाइली आणि कॅश डेटाबेस अशा दोन जागा दिसतील, दोन्हींसमोर ब्राउज आहे. दोन्ही बदल. एकच बदलून मी बदललं म्हणणारे पुष्कळ भेटतात. खालीच ठरावीक दिवसांपेक्षा जुनी कॅश आपोआप पुसायची सोय आहे, ती चालू करून ३० दिवस ठेव.

पण डी तर हार्ड डिस्क, मग कॅश तिथे नेली तर मंद नाही का होणार? होईल, थोडं. यामागचं गणित समजून घे, म्हणजे पुढचे निर्णय तुझे तुला घेता येतील. सोनीच्या कॅमेऱ्यावर ४-के चं शूटिंग १०० मेगाबिटवर केलंस तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतात, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे एकदम चालवलेस तर सेकंदाला २५ मेगाबाइट. लॅपटॉपची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास सहज देते. म्हणजे नुसतं फुटेज वाजवायला तिची ताकद पुरते. तिची अडचण उडी मारण्यात आहे. आत चकती फिरत असते आणि तिच्यावर सुई असते, तिला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला १०-१५ मिलिसेकंद लागतात. फुटेज म्हणजे सलग लांब रेघ, ती सुई निवांत वाचते. कॅश म्हणजे हजारो बारीक तुकडे, आणि सॉफ्टवेअर म्हणजे त्याहून बारीक तुकडे. तिथे ती धावून धावून दमते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, उडी जवळजवळ फुकट. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५००-५५० मेगाबाइट देते, तुझी सी एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान प्रकारची एसएसडी, असेल तर त्याच्या कितीतरी पट.

म्हणून सोय झाल्यास वाटणी अशी हवी: सॉफ्टवेअर आणि कॅश एसएसडीवर, फुटेज हार्ड डिस्कवर चालेल. बरेच जण नेमकं उलटं करतात. फुटेज सी वर डेस्कटॉपवर टाकतात आणि सॉफ्टवेअर डी वर ढकलतात. आणि एक्स्पोर्टच्या वेळाचं म्हणशील तर सॉफ्टवेअर कुठल्या ड्राइव्हवर आहे त्याने त्यात फारसा फरक पडत नाही. ते काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं. सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर असलं की ते उघडायला वेळ घेतं, इफेक्टची यादी, फॉन्ट, टायटलचे साचे उघडताना अडखळतं. दिवसभर काम करणाऱ्याला तेच जास्त जाचतं.

तुझ्या लॅपटॉपवर खरा उपाय थोडा खर्चाचा आहे. तुझी १ टीबीची हार्ड डिस्क बहुधा अडीच इंची असेल. ती काढून तिच्याच जागी १ टीबीची साटा एसएसडी बसते, तोच कनेक्टर, तेच दोन-चार स्क्रू. डी वर विंडोज नसल्यामुळे क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) वगैरेची भानगड नाही. आधी डी वरचं सगळं बाहेरच्या एखाद्या ड्राइव्हवर उतरवून घे, नवी एसएसडी बसव, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला जीपीटी पद्धतीने सुरू कर (विचारेल तेव्हा तोच पर्याय निवड), एनटीएफएस या विंडोजच्या स्वरूपात फॉरमॅट कर, आणि अक्षर डी च दे. हे विसरू नको. अक्षर तेच आणि आतल्या फोल्डरांची नावं जशीच्या तशी ठेवलीस तर तुझे सगळे जुने प्रोजेक्ट नव्या डिस्कवर एकही क्लिप न हरवता उघडतात. अक्षर बदललं की प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लाल पडदा आणि “मीडिया ऑफलाइन”, मग बस एकेक जोडत. काढलेली हार्ड डिस्क फेकू नको. यूएसबी ३ ची केस मिळते, तिच्यात घालून बॅकअपला वापर. विकत घेतलेल्या १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवेल, त्याने घाबरू नको, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

ती एसएसडी बसल्यावर मात्र सॉफ्टवेअर डी वर टाकायला माझी काही हरकत नाही. आता ते कसं करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी, प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर कापून डी वर चिकटवायचं नाही. बसवताना सॉफ्टवेअर विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, आपला पत्ता लिहून ठेवतं. फोल्डर उचललंस तरी नोंद जुन्याच पत्त्याची राहते. मग सॉफ्टवेअर उघडत नाही, काढताही येत नाही, वर नवीन बसवायला गेलं की आधीच आहे म्हणतं. रीतसर काढायचं, रीतसर बसवायचं, हाच मार्ग.

प्रीमियरसाठी अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमध्ये प्रेफरन्सेस उघड, त्यात ॲप्सचा भाग, तिथे इन्स्टॉल करायची जागा दिसते. ती बदलून डी वर आधी केलेलं एक साधं फोल्डर दे. ही सेटिंग पुढे बसवायच्या ॲप्सना लागू होते, आधीच बसलेल्यांना ती हलवत नाही. म्हणून मग प्रीमियर अनइन्स्टॉल कर. तेव्हा ते विचारेल की तुमच्या प्रेफरन्सेस ठेवू की काढू. ठेव म्हण, नाहीतर तुझे कीबोर्ड शॉर्टकट आणि खिडक्यांची मांडणी जाईल. मग पुन्हा इन्स्टॉल. आता ते डी वर बसेल. तरी सगळंच्या सगळं डी वर जाईल अशी आशा ठेवू नको. क्रिएटिव्ह क्लाउड स्वतः सी वरच राहतं, सामायिक फाइली सी वर जातात, बाहेरचे प्लगइनही (जोडून घ्यायची छोटी सॉफ्टवेअरं) सी वरच्या सामायिक फोल्डरात बसतात. ते तसंच असायला हवं, त्यांना हात लावू नको.

आणि इथेच पुष्कळ जण अडतात: डी वर बसवतोय म्हणून सी रिकामी नसली तरी चालेल असं वाटतं. इन्स्टॉलर फाइली उलगडतो त्या सी च्या तात्पुरत्या फोल्डरात. सी वर ९ जीबी असताना तू आज डी वर बसवायला गेलास तर जागा नाही असा निरोप देऊन मध्येच थांबायची शक्यता मोठी. म्हणून साफसफाई सगळ्यात आधी सांगितली.

दाविंची रिझॉल्व्हचं सोपं आहे. झिप उतरवून उघडलीस की एक छोटी खिडकी येते, त्यात काय काय बसवायचं याच्या खुणा असतात. कंट्रोल पॅनेल म्हणजे रंगाच्या कामाचं यंत्र, ते तुझ्याकडे नाही, ती खूण काढून टाक. पुढे गेल्यावर कुठे बसवायचं हे विचारणारा पडदा येतो, तिथे चेंज दाबून डी वरचं फोल्डर दे. घाईत नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलास तर हा पडदा हातातून निसटतो. बसल्यावर प्रेफरन्सेसमध्ये मीडिया स्टोरेज बघ. त्या यादीत जो ड्राइव्ह पहिला असेल, तिथेच रिझॉल्व्ह कॅश आणि गॅलरीतल्या स्टिल साठवतं. म्हणून डी पहिला आण. पुढे प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये वर्किंग फोल्डर्स आहेत, तिथेही नजर टाक.

रिझॉल्व्हची एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. प्रीमियरसारखी प्रोजेक्टची स्वतंत्र फाइल ते फोल्डरात ठेवत नाही. सगळे प्रोजेक्ट एका लायब्ररीत असतात आणि ती लायब्ररी मुळात सी वर, पुन्हा त्याच लपवलेल्या ॲपडेटात. कुणीतरी लॅपटॉप फॉरमॅट करून देतो, डी वरचं फुटेज शाबूत असतं, पण दोन वर्षांचे प्रोजेक्ट गेलेले असतात. पहिल्याच दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर उघड, डावीकडे लायब्ररींची यादी काढ, नवीन लायब्ररी तयार कर आणि तिला डी वरचं फोल्डर दे. काम सुरू करायच्या आधी केलंस तर दोन मिनिटांचं काम आहे.

इडियस हे आणखी एक एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणारे आपल्याकडे लग्नाच्या कामात अजून भरपूर आहेत. ते पहिल्यांदा उघडताना प्रोजेक्टचं फोल्डर विचारतं, तिथेच दुसरा ड्राइव्ह द्यायचा.

फॉरमॅटचा विषय निघालाच तर एक मोठा गैरसमज आहे तो सांगून टाकतो. सॉफ्टवेअर डी वर ठेवलं म्हणजे उद्या विंडोज उडालं, सी फॉरमॅट मारली, तरी सॉफ्टवेअर वाचेल असं मानून बरेच जण ते डी वर ठेवतात. वाचत नाही. डी वर फाइली दिसतील, पण नोंदवही सी बरोबर गेलेली असते. पुन्हा बसवावंच लागतं. वाचतं ते फुटेज, प्रोजेक्ट, ऑटो-सेव्ह, आणि तू डी वर नेलेली लायब्ररी. म्हणून त्या गोष्टी डी वर नेण्याला सॉफ्टवेअर नेण्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे.

आता बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हबद्दल. तू विचारलं नाहीस, पण सी भरली की हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. सॉफ्टवेअर बाहेरच्या ड्राइव्हवर बसवू नको. पेनड्राइव्हसारख्या काढत्या फ्लॅश साठवणीवर प्रीमियर बसतच नाही, अडोबीच तसं सांगते. पोर्टेबल डिस्कवर बसवता आलं तरी त्रास आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. काही वर्षांपूर्वी सी पुरेना म्हणून मी एका पोर्टेबल डिस्कवर सॉफ्टवेअर टाकलं. तिचं अक्षर एफ होतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात घुमट आरतीचं एक काम हातात होतं, पथकाला ते चवथीच्या आदल्या रात्री हवं होतं. संध्याकाळी कार्डातलं फुटेज उतरवायला मी कार्ड रीडर लावला, डिस्क त्याआधी काढून ठेवली होती. कार्ड रीडरने एफ अक्षर घेतलं, नंतर लावलेल्या डिस्कला जी मिळालं. सॉफ्टवेअर उघडेना, आयकॉनवर पांढरा कागद दिसायला लागला. मला वाटलं डिस्क गेली. कारण सापडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले होते. अक्षर परत एफ केल्यावर सगळं जागेवर आलं, पण ती संध्याकाळ गेली आणि पथकाला सकाळपर्यंत थांबावं लागलं.

त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या डिस्कला मी ठरलेलं, वर्णमालेतलं शेवटाकडचं अक्षर देतो. स्टार्टवर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, त्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून अक्षर बदलायचा पर्याय. विंडोज कार्ड रीडरला आणि पेनड्राइव्हला सुरुवातीची अक्षरं वाटतं, तिथे गर्दी होते. शेवटाकडची सहसा कुणी घेत नाही. फुटेज बाहेरच्या डिस्कवरून एडिट करत असशील तरीसुद्धा हे कर. आणि केबल यूएसबी ३ च्या पोर्टलाच लाव. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच मिळतात, दोन कॅमेऱ्यांच्या ४-के ला ते अगदी काठावर येतात.

बाहेरच्या डिस्का बऱ्याचदा एक्सफॅट स्वरूपात येतात. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे फिरणाऱ्या डिस्कला ते ठीक. फक्त विंडोजवर राहणार असेल तर एनटीएफएस कर. लिहिताना अचानक वीज गेली किंवा केबल निसटली तर एनटीएफएस सावरण्याची शक्यता जास्त असते. मिरग लागला की आपल्याकडे वीज कशी लपंडाव खेळते ते तुला ठाऊक आहे. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण स्वतंत्र विजेवर चालणारी साडेतीन इंची डिस्क लावली असेल तर ती त्याच क्षणी बंद पडते. ती यूपीएसवर घे. सॉफ्टवेअर बसवणं, अपडेट करणं असली कामं पावसाळ्यात गडगडाट सुरू असताना काढूच नको.

दमट हवेचंही थोडं. पावसाळ्यात महिनोन्महिने कपाटात पडलेली हार्ड डिस्क एकदम काढून लावू नये. मी डिस्का झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. एसीच्या गाडीतून उतरून मंडपाच्या उकाड्यात गेल्यावर कॅमेऱ्याच्या काचेवर जसा दव जमतो तसाच डिस्कवरही जमतो. ती बाहेरच्या हवेइतकी गरम आणि कोरडी होईपर्यंत तशीच ठेव, मग लाव.

आणखी एक विनंती. सी वर जागा नाही, सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून कुणी “पोर्टेबल प्रीमियर” डी वर टाकून देतो म्हणाला तर घेऊ नको. त्या क्रॅक केलेल्या फाइली चालाव्यात म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि तू ज्यांचं लग्न चित्रित केलंयस त्या घरातल्या बायकामुलांचं सगळं फुटेज त्याच संगणकावर असतं. लोक आपल्याला विश्वासाने घरात घेतात. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुझ्या कामाला भरपूर पुरते, तू शिकणारच आहेस, तर तेच मन लावून शीक.

जत्रेतल्या नाटकांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुझ्या डिस्का खरं तर तीच भरत असणार. रात्री अकराला नांदी आणि पहाटे चारला पडदा, पाच तास. दोन कॅमेरे १०० मेगाबिटवर लावलेस तर एका रात्रीचे ४५० जीबी. तुझी अर्धी डी एका नाटकात गेली. रंगमंचावरचा प्रकाश ठरलेला, कॅमेरा बहुतेक स्टँडवर, आणि मंडळींना शेवटी हवी असते ती टीव्हीवर आणि मोबाइलवर बघायची प्रत. मागचा स्थिर कॅमेरा फुल एचडीत ५० मेगाबिटवर घे, तासाला साडेबावीस जीबी होतात, म्हणजे त्या कॅमेऱ्याचं निम्मं. पुढचा हलता कॅमेरा ४-के त ठेव, त्यातून चेहऱ्याजवळ जाता येतं. काम पोचतं केल्यावर मूळ फुटेज बॅकअपच्या डिस्कवर हलवून डी रिकामी कर. डी वर नेहमी १५-२० टक्के जागा मोकळी राहू दे. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहायचा वेग पडतो.

तर तुझ्यासाठी क्रम असा. या आठवड्यात कॅश साफ कर, प्रोजेक्ट वनड्राइव्हमधून डी वर आण, कॅशच्या दोन्ही जागा डी वर दे. प्रीमियर सी वरच राहू दे. रिझॉल्व्हसुद्धा सी वर जागा झाली तर सीवरच बसव, फक्त त्याची लायब्ररी आणि मीडिया स्टोरेज डी वर. पहिल्या लग्नाचे आगाऊ पैसे आले की साटा एसएसडी घे, जुन्या डिस्कचं अक्षर तिला दे, आणि तेव्हाही सी वर जागा कमी वाटली तर सॉफ्टवेअर वर सांगितल्याप्रमाणे हलव.

सगळं झाल्यावर खऱ्या कामाला हात घालायच्या आधी एक चाचणी घे. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू कर, अक्षरं जागेवर आहेत का बघ. एक जुना प्रोजेक्ट उघड, लाल पडदा कुठे येत नाही ना ते बघ, पाच मिनिटं वाजव. मग डी वरचं कॅशचं फोल्डर उघडून ठेव आणि नवी क्लिप प्रोजेक्टमध्ये आण. फोल्डरात नव्या फाइली पडताना दिसल्या तर जोडणी बरोबर झाली. नाही दिसल्या, तर कॅश अजून सी वरच जातेय. मीडिया कॅशची खिडकी पुन्हा उघड, दोनपैकी एक जागा बदलायची राहिलेली सापडेल.